छेदात काय आहे ते आधी बघ

प्रश्न असा आला आहे: "मी बारावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्रॅक्टिकलला ०.१२ मोलार थायोसल्फेट ३० मिली, पाणी २० मिली आणि १ मोलार हायड्रोक्लोरिक ॲसिड १० मिली घेतलं. वहीत थायोसल्फेटचं कॉन्सन्ट्रेशन ०.१२ लिहिलं, तर सरांनी लाल रेघ मारली. समीकरणात ॲसिडच्या आधी २ आहे म्हणून त्याची ऑर्डर २ लिहिली, तीही चूक. फॉर्म्युले सगळे पाठ आहेत, तरी गणित चुकतं. नेमकं कुठे अडतंय?"

फॉर्म्युल्यात तुझं काहीच अडत नाहीये. वेंगुर्ले-मालवणच्या पट्ट्यात सव्वीस वर्षं मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आहे. वह्या तपासताना ज्या चुका सगळ्यांत जास्त दिसतात त्यांचं मूळ एकच असतं. मुलं अंश व्यवस्थित काढतात, छेदाकडे बघतच नाहीत. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे आपल्या मराठी पुस्तकातली संहती, म्हणजे मोल (कणांच्या संख्येचं माप) भागिले लिटर; तोच आकडा आपण मोलार म्हणून लिहितो. पण कसले लिटर? रेट म्हणजे झालेला बदल भागिले सेकंद. पण कुठले सेकंद? हे दोन प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली की निम्मी गणितं आपोआप सुटतात.

आधी तुझं ०.१२. घरी कोकमाचं आगळ असेलच. सोलकढी करताना आगळात नारळाचं दूध पडलं की ती बाटलीतल्या आगळाइतकी आंबट लागत नाही. आगळ तेवढंच आहे, फक्त जास्त पातेल्यात पसरलंय. तुझ्या चंचुपात्रात हेच झालं. बाटलीवर ०.१२ लिहिलेलं असलं तरी तू ते ओतलंस, वर पाणी घातलंस, वर ॲसिड घातलंस. आता पात्रात किती द्रव आहे? ३० अधिक २० अधिक १०, म्हणजे ६० मिली. थायोसल्फेटचे मोल किती? ०.१२ गुणिले ०.०३०, म्हणजे ०.००३६. हे ०.०६० लिटरने भागलं की ०.०६ मोलार. बाटलीच्या बरोबर निम्मी. ॲसिडचंही तसंच: १ गुणिले ०.०१० म्हणजे ०.०१० मोल, भागिले ०.०६०, म्हणजे ०.१६७ मोलार. ॲसिडने थायोसल्फेट पातळ केलं आणि थायोसल्फेटने ॲसिड. बरीच मुलं पाणी धरतात पण ॲसिडचे १० मिली विसरतात, कारण ते "शेवटी घातलं". शेवटी घातलं तरी जागा घेतंच. आमच्याकडे एक लॅब असिस्टंट होते, मुलांनी असं गणित केलं की ते मागून म्हणायचे, "अरे, पात्रात ओतलेला पाणी खय गेला?" त्यावर वर्गात कोणी चुकत नसे, निदान त्या दिवशी तरी.

इथे आपण घनफळांची सरळ बेरीज केली. पातळ द्रावणांत ते चालतं. नेहमीच चालतं असं नाही. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर १०० मिली भरत नाही, ९६-९७ मिलीच्या आसपास भरतं. म्हणून तर द्रावण करताना मेजर फ्लास्कच्या मानेवर खूण असते आणि आपण "खुणेपर्यंत पाणी" घालतो, "५०० मिली पाणी" घालत नाही.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर शिरोड्याच्या मिठागरांवर जाऊन ये, तिथेच १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण २८ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सोडियम क्लोराईड. ५८.५ ने, म्हणजे त्याच्या एका मोलच्या वजनाने, भागलंस तर ०.४८ मोलार. आता उलट टोकाला जाऊ. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्यापुढे नाही. मग किलोभर पाण्यात ३६० ग्रॅम, म्हणजे ६.१५ मोल. मुलं पटकन लिहितात, "मोलॅरिटी ६.१५." छेदात काय आहे बघ. तू भागलंस ते पाण्याच्या किलोने, द्रावणाच्या लिटरने नाही. ही झाली मोलॅलिटी. द्रावणाचं एकूण वजन १३६० ग्रॅम, घनता साधारण १.२ ग्रॅम प्रति मिली, म्हणजे घनफळ ११३३ मिली. ६.१५ भागिले १.१३३ केलं की मोलॅरिटी ५.४ येते. मीठ टाकल्यावर लिटरचं सव्वाअकराशे मिली झालं, त्याचाच हा फरक.

आता ५.४ ला ०.४८ ने भाग. साधारण ११. म्हणजे मिठागरातलं पाणी उन्हाने आटत आटत दहा-अकराव्या हिश्श्यावर आलं की मीठ दिसू लागणार. प्रत्यक्षातही दहाव्या हिश्श्याच्या आसपासच मीठ धरतं. त्याआधी, पाणी पाचव्या हिश्श्यावर असताना, जिप्सम खाली बसलेलं असतं, म्हणून पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात फिरवतात. मिठागरांवर पाण्यात बॉमे तरंगवून बघायची पद्धत आहे. आकडा २५ च्या आसपास आला की मीठ पडायची वेळ झाली. तो काचेचा नळकांडा घनता मोजतो, आणि इथे घनता म्हणजे शेवटी संहतीच.

आता वजन. प्रॅक्टिकलसाठी मी मुद्दाम ०.१२ मोलार थायोसल्फेट करते, कारण मग एकूण ६० मिलीत पुढचे आकडे सुटसुटीत येतात. ५०० मिली करायचं तर ०.०६ मोल लागतात. मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन, किती धरायचा? कोरड्या सोडियम थायोसल्फेटचा १५८. पण लॅबच्या डब्यातले ते काचेसारखे चकाकणारे खडे कोरडे नसतात. प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात, मोलर मास २४८. म्हणजे तोलायचे १४.८८ ग्रॅम. कोणी १५८ धरून ९.४८ ग्रॅम तोललं तर द्रावण ०.१२ ऐवजी ०.०७६ मोलार होतं, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी. दिवसभर वर्गातल्या सगळ्यांच्या वेळा लांबतात आणि खापर स्टॉपवॉचवर फुटतं. डब्यावरचं लेबल पूर्ण वाचायचं, "पेंटाहायड्रेट" हा शब्द शोधायचा.

कॉस्टिक सोड्याचं दुखणं याच्याही पुढचं, आणि ते आपल्याकडे जुलैत बघावं. वॉच ग्लासवर सोडियम हायड्रॉक्साईडच्या गोळ्या ठेवल्या की तराजूचा आकडा स्थिर व्हायच्या आधीच त्या चिकट दिसायला लागतात. समुद्रावरची दमट हवा त्या पिऊन घेतात, सोबत थोडा कार्बन डायऑक्साईडही. तू ४.० ग्रॅम तोललेस, लिटरभर केलंस आणि बाटलीवर ०.१ मोलार लिहिलंस. पण त्या चार ग्रॅममध्ये किती सोडा आणि किती पाऊस, सांगता येणार नाही. म्हणून टायट्रेशन करून, म्हणजे संहती नक्की माहीत असलेल्या द्रावणाशी मोजून अभिक्रिया घडवून, खरी संहती काढतात. ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे असे ओलावत नाहीत. त्याचा पाण्यासकट मोलर मास १२६, म्हणून लिटरमागे ६.३ ग्रॅम म्हणजे ०.०५ मोलार. त्याचे १० मिली घेतले तर ०.०००५ मोल. एका ऑक्झॅलिकला दोन सोडे लागतात, म्हणून ०.००१ मोल सोडा. फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा ब्युरेटमधून १०.६ मिली गेला असेल, तर सोडा आहे ०.००१ भागिले ०.०१०६, म्हणजे ०.०९४ मोलार.

इथे समीकरणातला "दोन" कामाला आला, हे लक्षात ठेव. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडबद्दल थोडक्यात: बाटलीवर ३७ टक्के आणि घनता १.१९ असं असतं. लिटरचं वजन ११९० ग्रॅम, त्यातलं ३७ टक्के म्हणजे ४४० ग्रॅम, ३६.५ ने भागून साधारण १२ मोलार. २५० मिली १ मोलार करायला २१ मिलीच्या आसपास लागेल. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि हे काम शिक्षकांसमोरच करायचं.

आता वेगाकडे येऊ. थायोसल्फेट आणि ॲसिड एकत्र आलं की गंधकाचे बारीक कण तयार होतात, द्रावण दुधासारखं होतं आणि पात्राखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होते. सल्फर डायऑक्साईडही निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या, दम्याचा त्रास असलेल्यांनी लांब थांबायचं आणि झालं की पात्र लगेच धुवायचं. फुली दर वेळी गंधकाचं ठराविक प्रमाण झालं की नाहीशी होते. म्हणजे अंश कायम, छेदातला वेळ तेवढा बदलतो. म्हणून १ भागिले वेळ हे वेगाचं माप म्हणून चालतं.

थायोसल्फेट ५०, ४०, ३०, २०, १० मिली. पाणी ०, १०, २०, ३०, ४० मिली. ॲसिड दर वेळी १०. मिश्रणातली संहती येते ०.१०, ०.०८, ०.०६, ०.०४, ०.०२. समजा वेळा आल्या २४, ३०, ४१, ६० आणि १२४ सेकंद. ग्राफ काढायच्या आधी मी मुलांना एकच गोष्ट करायला लावते: संहती गुणिले वेळ. २.४, २.४, २.४६, २.४, २.४८. जवळजवळ सारखी. संहती निम्मी झाली की वेळ दुप्पट, म्हणजे वेग निम्मा. वेग संहतीच्या कितव्या घाताने बदलतो ती ऑर्डर; इथे ती एक. तिसऱ्या आणि पाचव्या आकड्यातला किंचित फरक हा डोळ्यांचा आहे, तो "सुधारायचा" नाही. २.४०, २.४०, २.४० असा तक्ता वहीत दिसला की मला लगेच कळतं तो कुठून आला.

पाणी कशाला घालायचं, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. समजा नाही घातलं. १० मिली थायोसल्फेट आणि १० मिली ॲसिड: छेद २० मिली, थायोसल्फेट ०.०६, ॲसिड ०.५. मग ५० आणि १०: छेद ६०, थायोसल्फेट ०.१०, ॲसिड ०.१६७. तुला वाटलं तू थायोसल्फेट पाचपट केलंस, प्रत्यक्षात ते दीडपटीहून थोडंच वाढलं. वर ॲसिडही बदललं. शिवाय २० मिली द्रवाची उंची आणि ६० मिलीची उंची वेगळी, तेव्हा फुली वेगवेगळ्या जाडीच्या दुधातून बघितली जाणार. एका वेळी तीन गोष्टी हलवल्यावर कशामुळे काय झालं हे कोण सांगणार? पाण्याने छेद कायम राहतो, बस.

यात एक गंमत आहे. समजा तू ॲसिडचे १० मिली विसरून सगळीकडे ५० ने भागलंस. पाचही संहती १.२ पटीने जास्त येतील, पण एकमेकींतलं प्रमाण तेच राहील, म्हणून ऑर्डर बरोबर येईल! चूक दिसेल ती वेग स्थिरांकात, म्हणजे "वेग बरोबर के गुणिले संहती" या वेग नियमातल्या "के" मध्ये. तो १.२ पटीने कमी येईल. ऑर्डर बरोबर आली म्हणून सगळं बरोबर, असं समजून पुढे जाणारी मुलं इथेच मार्क घालवतात.

आता ॲसिडसमोरचा तो २. तो सांगतो की एक मोल थायोसल्फेट संपायला दोन मोल ॲसिड लागतं. टायट्रेशनमध्ये आपण हेच वापरलं. तो "किती" सांगतो, "किती लवकर" याबद्दल काहीच सांगत नाही. हे पटत नसेल तर करून बघ: थायोसल्फेट ३० मिली ठेव, ॲसिड १० मिली आणि २० मिली घे, एकूण ६० च राहील असं पाणी घाल. ॲसिड दुप्पट झालं. ऑर्डर २ असती तर वेळ चौथ्या हिश्श्यावर यायला हवी होती, ४० सेकंदांची १०. तसं काही होत नाही, ॲसिड पुरेसं असताना वेळेत फारसा फरकच पडत नाही.

ही चूक तुझ्या एकटीची नाही आणि ती आळसातूनही येत नाही. अकरावीत समतोलाचा धडा झाला, तिथे समतोल स्थिरांक लिहिताना समीकरणातले आकडे थेट घातांक म्हणून वर चढवले. तिथे ते बरोबरच होतं. तीच सवय हाताने पुढच्या धड्यात नेली. दोन्हीकडे तोच चौकटी कंस, तीच संहती, आणि घातांक मात्र एकीकडे समीकरणातून तर दुसरीकडे प्रयोगातून. पुस्तकांनी हा फरक जाड ठशात छापायला हवा, असं माझं जुनं मत आहे.

वेग मोजायची सुरुवातच अशा अभिक्रियेपासून झाली जिथे समीकरण बघून काही कळलं नसतं. १८५० मध्ये विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने उसाच्या साखरेचं ॲसिडमध्ये विघटन कसं होतं ते ध्रुवित प्रकाश किती वळतो यावरून मोजलं. समीकरणात फक्त साखर आणि पाणी आहे. ॲसिड खर्चच होत नाही, म्हणून ते समीकरणात नाही. पण वेग त्याच्यावर अवलंबून आहे. समीकरणात नाव नसलेला गडी वेग ठरवतो, तर समीकरणावरून ऑर्डर कशी लिहिणार?

परीक्षेत प्रयोग करायला मिळत नाही, तक्ता देतात. त्याचं एक उदाहरण. नायट्रिक ऑक्साईड आणि हायड्रोजन, समीकरणात दोघांसमोर २. पहिल्या ओळीत दोघांची संहती ०.१०, वेग ०.००१२. दुसऱ्या ओळीत नायट्रिक ऑक्साईड ०.१५, हायड्रोजन तोच, वेग ०.००२७. तिसऱ्या ओळीत नायट्रिक ऑक्साईड ०.१०, हायड्रोजन ०.२०, वेग ०.००२४. मुलांना दुप्पट-चौपट दिसलं की जमतं, दीडपट आली की हात थांबतो. थांबायचं कारण नाही. पहिली आणि दुसरी ओळ: संहती १.५ पट, वेग २.२५ पट. १.५ चा कितवा घात २.२५? दुसरा. पहिली आणि तिसरी: हायड्रोजन दुप्पट, वेग दुप्पट, म्हणून पहिला. एकूण ऑर्डर ३, समीकरणातल्या आकड्यांची बेरीज मात्र ४. के काढताना ०.००१२ ला ०.१० च्या वर्गाने आणि पुन्हा ०.१० ने भाग: १.२. एकक मोलांच्या आणि लिटरांच्या काटछाटीतून येतं: लिटरचा वर्ग, प्रति मोलचा वर्ग, प्रति सेकंद. एकक पाठ करू नकोस, दर वेळी काढ. ऑर्डर चुकली असेल तर ती तिथेच उघडी पडते.

आता छेदातले सेकंद. १०० सेकंदांत संहती ०.१० वरून ०.०६ वर आली तर वेग ०.०००४. पण हा शंभर सेकंदांचा सरासरी वेग. सुरुवातीला अभिक्रिया याहून जोरात होती, शेवटी याहून मंद. वेग नियमात घालायचा तो त्या क्षणाचा, म्हणून तक्त्यात "इनिशियल रेट" हे शब्द असतात. ऑर्डर एक असेल आणि सुरुवातीपासून बराच वेळ गेलेला असेल, तर सरासरी वापरायची नाही, २.३०३ भागिले वेळ, गुणिले संहतींच्या भागाकाराचा लॉग. इथे ०.१० भागिले ०.०६ म्हणजे १.६६७, त्याचा लॉग ०.२२१९, के आला ०.००५१ प्रति सेकंद. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, तेव्हा ते आतापासून हाताळ. आणि लॉगच्या आत भागाकार असल्यामुळे तिथे मोल, मिली, टक्के काहीही घातलं तरी चालतं, फक्त वर-खाली एकच हवं.

एक शेवटचं. तुझ्या प्रश्नात संहती आहे, वेळ आहे, पण तापमान कुठेच नाही. आमच्याकडे एकदा एकाच बॅचच्या दोन गटांच्या वेळा जुळेनात. द्रावण एकच, घड्याळं बरोबर. सकाळी साडेसातच्या गटाने डिसेंबरातलं टाकीचं गार पाणी वापरलं होतं, २४ अंश. दुपारच्या गटाला तीच टाकी पत्र्याखाली तापून मिळाली, ३२ अंश. ढोबळ हिशेब असा की बऱ्याच अभिक्रियांचा वेग १० अंशांना दुप्पट होतो. मग ८ अंशांना पावणेदोन पट. सकाळचे ४१ सेकंद दुपारी चोवीसच्या आसपास आले होते. दुपारच्या गटातल्या एका मुलाने मात्र वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने "पाणी कोमट" असं लिहून ठेवलं होतं, त्यावरून उलगडा झाला. त्या दिवसापासून तक्त्याच्या पहिल्या ओळीत तापमान लिहिल्याशिवाय मी वहीवर सही करत नाही.